आठ सिलिंडरची धडधड

नवं इंजिन जास्त ताकदीचं आणि कमी पेट्रोल पिणारं. तरीही अमेरिकेतले ट्रकवेडे जुन्या 'व्ही-एट'साठी हळवे झालेत. का बरं? डेट्रॉइटजवळच्या एका गल्लीत, स्वतःच्या कानांनी ऐकलेली ही गोष्ट...

सकाळचे साडेसहा. खिडकीच्या काचा थरथरल्या आणि मी पलंगावर ताडकन उठून बसले. आधी नुसती घरघर, मग खोल, जड, थेट छातीत उतरणारी धडधड. ढोलपथक लांबून येताना वाटतं ना, डिट्टो तसं!

'भूकंप नाहीये गं, आमचे शेजारी निघालेत,' किचनमधून दादा ओरडला.

स्थळ : अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं डेट्रॉइटचं एक उपनगर. काळ : ऑगस्ट २०२५. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. पुण्याचा मेकॅनिकल इंजिनीअर, गेली बारा वर्षं इथेच. काम टर्बो इंजिनांच्या कॅलिब्रेशनचं. म्हणजे कुठल्या क्षणी किती पेट्रोल आणि किती हवा आत सोडायची, हे गाडीच्या कॉम्प्युटरला शिकवायचं. आणि शेजारी म्हणजे ७१ वर्षांचे एक आजोबा. गाड्यांच्या कारखान्यातून रिटायर झालेले. त्यांच्याकडे २००४ सालचा पिकअप ट्रक. पुढे केबिन, मागे उघडा हौदा. आपल्याकडचा 'छोटा हत्ती' डोळ्यांसमोर आणा आणि त्याला चांगलं चारपट खाऊपिऊ घाला, तर जे होईल ते! आणि त्याच्या पोटात ५.७ लिटरचं 'हेमी' व्ही-एट.

मला गाड्यांमधलं शष्प कळत नाही. पण पुढच्या दहा दिवसांत त्या एका इंजिनावरून मी जेवढी भांडणं ऐकली, तेवढी आमच्या सोसायटीच्या पार्किंगवरूनही ऐकली नाहीत, बॉस!

हेमी म्हणजे काय रे भाऊ?

हेमी म्हणजे हेमिस्फिअर, अर्धगोल. सिलिंडरच्या डोक्यावर जिथे पेट्रोल पेटतं, ती जागा अर्ध्या चेंडूच्या आकाराची. क्रायस्लरने १९५१मध्ये अशी व्ही-एट इंजिनं गाड्यांत आणली. १९६४मध्ये रिचर्ड पेटीने हेमीच्या जोरावर डेटोना ५०० ही शर्यत मारली आणि हेमी हा शब्द दंतकथा होऊन बसला. २००३च्या रॅम पिकअपमध्ये हे नाव नव्याने आलं. तेव्हाच्या टीव्हीवरच्या जाहिरातींत गाडीचा रंगबिंग सोडून लोक एकच विचारायचे, हिच्यात हेमी आहे का?

आणि तो आवाज? त्यामागचा फंडा दादाने मला कागदावर काढून दाखवला. व्ही-एटमध्ये चार-चार सिलिंडरच्या दोन रांगा. क्रँकशाफ्टची रचनाच अशी, की एकेका रांगेतले स्फोट समान अंतराने होत नाहीत. कधी दोन पाठोपाठ, कधी मध्ये खंड. म्हणून ती अडखळणारी, गुरगुरणारी लय. एका रेषेतल्या सहा सिलिंडरचे ठोके मात्र घड्याळासारखे सरळ. त्यात टर्बो लावला की बाहेर पडणारा धूर आधी टर्बोचं चाक फिरवतो आणि तिथेच आवाजाचा दम निघतो.

बेरीज-वजाबाकी

इंजिन लहान व्हायला लागली ती काही कुणाला लहर आली म्हणून नाही. १९७३च्या तेलटंचाईने अमेरिका हादरली. १९७५मध्ये कायदा झाला, की कंपन्यांनी गाड्यांचं सरासरी मायलेज वाढवायचं. नियम घट्ट होत गेले. फोर्डने २०११च्या एफ-१५०मध्ये ट्विन टर्बो व्ही-सिक्स दिलं. टोयोटाने २०२२च्या टुंड्रामधून व्ही-एट काढूनच टाकलं. आणि २०२५च्या मॉडेलला रॅम १५००मधून हेमी गेलं. त्याजागी आलं तीन लिटरचं, सहा सिलिंडरचं, ट्विन टर्बो इंजिन. नाव 'हरिकेन'.

आता गंमत बघा. जुन्या हेमीची ताकद ३९५ हॉर्सपॉवर. साध्या हरिकेनची ४२०, आणि वरच्या मॉडेलची चक्क ५४०! कागदावर हेमीचा पार निकाल लागला होता.

पण ट्रकवेड्यांनी कागद वाचलाच नाही. आरडाओरडा झाला, लोक रुसले. आणि जून २०२५मध्ये कंपनीने जाहीर केलं, की २०२६च्या मॉडेलला हेमी परत येतंय. आमचं चुकलं, अशी कबुली रॅमचे प्रमुख टिम कुनिस्किस यांनी उघडपणे दिली. गाडीच्या अंगावर खास बिल्लाही आला. इंजिनातून बाहेर आलेलं मेंढ्याचं डोकं, निषेधाची खूण म्हणून! त्याच वर्षी जुलैत मायलेजचे नियम न पाळणाऱ्या कंपन्यांचा दंडही सरकारने शून्यावर आणला. म्हणजे प्रेमाला कायद्याची साथ मिळाली म्हणायचं.

टेस्ट ड्राइव्ह

आजोबांना गाडी बदलायचीच आहे. इंजिन ठणठणीत आहे, पण मिशिगनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात. वीस वर्षं मीठ खाल्लेल्या गाडीची चासी कुठलीही असो, गंजणारच. म्हणून हेमी परत यायच्या आधी दादा त्यांना हरिकेनच्या टेस्ट ड्राइव्हला घेऊन गेला होता. त्यातलं एकेक तंत्र त्याच्या रोजच्या कामातलं. दोन दिवस आधीपासून हा खुशीत.

'मग?' मी विचारलं.

'मग काय! सुसाट गेली गाडी. खाली उतरले, बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, छान आहे. आणि घरी येऊन जुन्याच गाडीचं ऑइल बदलत बसले.' दादा हसला, पण त्याला ते लागलं होतं हे कळत होतं. 'अगं, दहा-दहा वर्षं आम्ही एकेक टक्का धूर कमी करायला घासतो. माझी पोरगी शाळा सुटल्यावर रांगेतल्या ट्रक्सच्या मागे उभी असते. तिचा कोण विचार करणार?'

मी आजोबांनाच गाठलं. ते म्हणाले, या इंजिनाला सोळा स्पार्क प्लग आहेत, सिलिंडरमागे दोन. सोळाच्या सोळा मी आणि माझ्या मुलाने याच गराजमध्ये बदलले. नव्यातलं मला काय उघडता येणार? लॅपटॉप लागतो. आणि दोन-दोन टर्बो, म्हणजे बिघडायला दोन गोष्टी जास्त. टुंड्राचंच बघ, म्हणाले. २०२४मध्ये टोयोटाने टर्बो व्ही-सिक्सवाल्या लाखभर गाड्या परत बोलावल्या होत्या.

कुंपणापलीकडून दादा म्हणालाच, 'आणि २०२५मध्ये जनरल मोटर्सने सहा लाखांच्या आसपास बोलावल्या, त्या व्ही-एटच होत्या!'

आजोबा गप्प. मग त्यांनी जे सांगितलं, त्यावर दादाकडेही उत्तर नव्हतं. त्यांची बायको तीन वर्षांपूर्वी गेली. कारखान्यातून परतताना ट्रक गल्लीच्या तोंडाशी वळला, की आतमध्ये तिला आवाज यायचा आणि ती कॉफी ठेवायची. दारात पाय ठेवेपर्यंत कप टेबलावर. 'नवी गाडी इतकी शांत आहे,' ते म्हणाले, 'की तिला कळलंच नसतं.'

आमची आरएक्स

मला काय आठवलं सांगू? आमच्या बाबांची आरएक्स १००! टू-स्ट्रोक यामाहा. १९८५मध्ये आली, १९९६मध्ये बंद झाली. धुराचे नियम कडक होत गेले आणि टू-स्ट्रोक मागे पडल्या. बाबांनी ती २००८पर्यंत चालवली. सांगलीला कोपऱ्यावर तिचा टणटणाट आला, की आई कुकर बंद करायची आणि मी टीव्ही! मग स्कूटर आली. शांत, शहाणी. आणि कार्टून बघताना मी रंगेहाथ सापडायला लागले.

म्हणजे ताकद, मायलेज हे सगळं ठीक आहे. पण घरातल्यांना ओळखू येणारा एक आवाज असतो, तो ब्रोशरमध्ये कुठल्या रकान्यात लिहिणार? कंपन्यांनाही हे कळलंय बहुतेक. २०२३च्या अखेरीस डॉज चार्जरचं व्ही-एट बंद झालं, आणि नंतर आलेल्या इलेक्ट्रिक चार्जरला त्यांनी चक्क स्पीकरमधून गुरगुरायला शिकवलं. आजोबांना विचारलं तर म्हणाले, 'बायकोच्या जागी टेपरेकॉर्डर ठेवू का?'

वुडवर्डवरची संध्याकाळ

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर 'ड्रीम क्रूझ' असते. १९९५पासून. हजारो जुन्या गाड्या नुसत्या फिरायला निघतात. आपला विसर्जन मिरवणुकीचा लक्ष्मी रोड, फक्त गणपती सोडून! आम्ही आजोबांच्या ट्रकच्या हौद्यात खुर्च्या टाकून बसलो. धुराने डोळे चुरचुरत होते, ते खोटं कशाला बोलू? दादाने डोळे मिटले होते. येणारी प्रत्येक गाडी तो नुसत्या आवाजावरून ओळखत होता. एकही चुकला नाही.

'तुला आवडतंय की!' मी म्हटलं.

'मग इंजिनीअर कशाने झालो?' डोळे न उघडता तो म्हणाला. 'आवडणं वेगळं गं. रोज ऑफिसला यातून जावं का, हे वेगळं.'

आजोबांनी अजून काही ठरवलेलं नाही. हेमीवाली नवी गाडी परवडेल, पण बर्फ पडायच्या आत ते दादासोबत हरिकेनही पुन्हा एकदा चालवून बघणार आहेत. दादाने गळ घातलीय म्हणून. तोवर सकाळी साडेसहाचा भूकंप चालू.

निघायच्या दिवशी मी तो आवाज फोनवर रेकॉर्ड केला आणि सांगलीला बाबांना पाठवला. वाटलं, बाबा हळवे होतील, आरएक्सची आठवण काढतील. दोन मिनिटांत उत्तर आलं.

'आवाज भारी. ॲव्हरेज काय देते?'

लिटरला जेमतेम सहा, बाबा.

बराच वेळ नुसतं 'टायपिंग' दिसत राहिलं. मग आलं, 'असू दे. परत एकदा पाठव. आईला ऐकवतो.'