कोंबडा कोणता राखावा?

कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटावयाचे राहत नाही, अशी आपली जुनी म्हण आहे. म्हणीतला कोंबडा एकच असतो. अंगणात चार-दोन कोंबड्या पाळणाऱ्या कुटुंबाची अडचण निराळी असते. पावसाळा सरता सरता पिले मोठी होतात आणि एके दिवशी पहाटे एकाऐवजी पाच-सहा गळे आरवू लागतात. इतक्या कोंबड्यांचे करावयाचे काय, हा प्रश्न मग घरात उभा राहतो. वरवर पाहता तो क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या घरी कोंबडी हीच अडीनडीची शिल्लक असते, औषधाचा किंवा वहीपुस्तकांचा खर्च जिच्या विक्रीतून निघतो, त्या घरी त्याचे उत्तर चुकले तर वर्षाचा हिशेब चुकतो. आणि वारंवार चुकले तर वंशच बिघडतो.

या प्रश्नाचा विचार करण्यास डहीचा मुलूख फार सोयीचा आहे. धार आणि देवास ही नावे पवारांच्या संस्थानांमुळे मराठी वाचकाला परकी नाहीत. त्या धार जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागात, अलीराजपूरच्या बाजूला, नर्मदेच्या उत्तरेस डही हा तालुका आहे. वस्ती मुख्यतः भिल्ल आणि भिलाला समाजाची. झाबुआ, अलीराजपूर आणि धार या जिल्ह्यांचा हा पट्टा म्हणजे कडकनाथ या काळ्या कोंबडीचे माहेर. पिसे काळी, कातडी काळी, तुरा काळसर जांभळा, मांसही काळपट. म्हणून तिकडे तिला ‘कालामासी’ असेही म्हणतात. अंडे मात्र काळे नसते. ते फिकट तपकिरी किंवा मळकट पांढरे असते. झाबुआच्या कडकनाथाच्या मांसाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि डोंगरातल्या या पक्ष्याचे नाव शहरांतून ऐकू येऊ लागले.

प्रथम संख्येचा विचार करू. अंड्यांतून निघणाऱ्या पिलांत नर आणि मादी साधारण निम्मे-निम्मे असतात. माणसांत मूल मुलगा होणार की मुलगी हे पित्याकडून आलेल्या बीजावर ठरते. पक्ष्यांत ते मादीच्या अंड्यावर ठरते. तेव्हा कोंबडा बदलला म्हणून तलंगा अधिक निघतील, ही आशा व्यर्थ होय. समजा, दोन खुडूक कोंबड्यांखाली चोवीस अंडी ठेवली आणि काही अंडी वाया जाऊन, काही पिले घार-मुंगसाने नेऊन, शेवटी बारा पिले हाती लागली. त्यांत सहाच्या आसपास नर असणारच. हा अपघात नव्हे, निसर्गाचा नियम आहे. म्हणून जास्तीच्या कोंबड्यांचा विचार ते आरवू लागल्यावर करावयाचा नसून अंडी उबवणीस ठेवतानाच करावयाचा असतो.

यावर श्रोत्यांच्या मनात शंका येईल, की अंड्यांसाठी कोंबडे लागतातच, मग सहा असले तर बिघडले कोठे? कोंबडी अंडी घालते ती कोंबड्यावाचूनही घालते. कोंबडा लागतो तो फक्त अंड्यांतून पिले निघावीत म्हणून. ज्याला केवळ खाण्यासाठी अंडी हवी आहेत, त्याला एकही कोंबडा न पाळता चालेल. उलट बीज नसलेले अंडे उन्हाळ्यात अधिक दिवस टिकते. पिले हवी असतील तर आठ ते दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. त्याहून अधिक झाले की उपद्रव सुरू होतो. कोंबडे आपसांत झुंजून रक्तबंबाळ होतात. एकाच कोंबडीवर अनेकांची झडप पडून तिच्या पाठीची पिसे जातात, कातडी फाटते, ती खाणे सोडते आणि अंडी देणेही थांबवते. खर्च आहे तो निराळाच. बांधून पाळलेला मोठा पक्षी दिवसाला सुमारे शंभर ग्रॅम दाणा खातो. म्हणजे महिन्याला तीन किलो. सहा कोंबड्यांना महिन्याकाठी अठरा किलो लागतील. मोकळ्या सोडलेल्या पक्ष्यांना हातचा दाणा कमी लागतो हे खरे. पण उकिरडा आणि शेताचा बांध किती पोटे भरणार? कोंबड्याने जे वेचले, ते कोंबडीला आणि पिलांना मिळत नाही.

नर-मादी ओळखावी कशी, हा पुढचा प्रश्न. साध्या गावठी पिलांत नराचा तुरा लवकर वाढतो आणि लाल होतो, त्यावरून बायका सहज निवड करतात. कडकनाथात तुराच काळसर असल्यामुळे लालीची ही खूण उपयोगी पडत नाही. तेथे तुऱ्याच्या रंगाकडे न पाहता त्याच्या आकाराकडे पाहावे, पायाची जाडी आणि उभे राहण्याचा डौल पाहावा. अडीच-तीन महिन्यांच्या सुमारास मान आणि कमरेवरची नवी पिसे नीट न्याहाळावीत. कोंबड्याची ही पिसे लांब आणि टोकदार असतात, तलंगेची गोलसर. तीन महिन्यांत घरात नर किती, हे पक्के कळते. आणि निर्णयाची वेळ तेथून सुरू होते.

या निर्णयात सर्वांत मोठी चूक कोणती होते, ते पाहण्याजोगे आहे. गरज पडली की बाजारात नेण्यासाठी कोंबडा पकडला जातो. कोणता पकडला जातो? जो सर्वांत वजनदार, त्याला भाव अधिक. देवीपुढे चढवावयाचा तर निर्दोष, तुकतुकीत काळा हवा. पाहुणा आला तर त्याच्या मानाला शोभेसा हवा. या तिन्ही मागण्या रास्त आहेत. भिल्ल कुटुंबात कडकनाथाला देवकार्यात आणि पाहुणचारात मान आहे. पण तिन्हींचा परिणाम एकच होतो. उत्तम कोंबडे एकामागून एक घराबाहेर जातात, आणि मागे राहतो तो किरकोळ, फिक्या रंगाचा, ज्याला कोणी विचारले नाही असा. पुढच्या साऱ्या पिलांचा बाप तोच होतो. शेतकरी उत्तम कणसे बियाण्यासाठी बाजूला बांधून ठेवतो आणि मग उरलेली ज्वारी विकतो. कोंबड्यांच्या बाबतीत मात्र बियाणे आधी विकले जाते आणि कोंडा पेरला जातो.

म्हणून क्रम उलटा करावयास हवा. आधी वंशाचा कोंबडा राखावा. मग देवाचा, पाहुण्याचा आणि बाजाराचा विचार करावा. तीन महिन्यांचे नर झाले की त्यांतले जोमाने वाढलेले दोन-तीन हेरून त्यांच्या पायात रंगीत दोरा सैलसा बांधावा, आणि पाय वाढेल तसा तो बदलावा. घरातल्या सर्वांना ठाऊक असावे, की दोऱ्याचा कोंबडा विकावयाचा नाही. पाच-सहा महिन्यांनी कोंबडा वयात येतो, तेव्हा शेवटची निवड करावी. कडकनाथात केवळ पिसे काळी असून भागत नाही. तुरा, चोच, जीभ, कातडी, पाय, नखे हे सारे गडद आहे की नाही ते पाहावे; कारण साध्या गावठी कोंबडीशी मिसळ झाली की पुढच्या पिढ्यांत हा काळेपणा फिका पडत जातो. छाती भरलेली, पाय सरळ आणि डोळा तेजस्वी असावा. स्वभावही पाहावा. लेकराबाळांच्या अंगावर धावून जाणारा कोंबडा दिसावयास कितीही देखणा असला तरी वंशाला ठेवू नये. तो तापटपणा पिलांतही उतरू शकतो.

एक ठेवावा की दोन? येथे गणित उपयोगी पडते. दहा कोंबड्यांत एकच कोंबडा असला आणि बाहेरचे रक्त आले नाही, तर दर पिढीस जवळच्या नात्यातील संबंध सुमारे चौदा टक्क्यांनी वाढतो. त्याच दहांत दोन कोंबडे असले तर ही वाढ साडेसात टक्क्यांवर येते. असा संबंध वाढला की अंडी कमी फुटतात, पिले दुबळी निघतात, रोगाला लवकर बळी पडतात. कडकनाथ मुळातच वर्षाला ऐंशी ते शंभरच्या आसपास अंडी देते आणि स्वतः उबवणीस फारशी बसत नाही. तिची अंडी पुष्कळदा गावठी कोंबडीखाली ठेवावी लागतात. अशा पक्ष्यात एकेका अंड्याचे मोल अधिक. म्हणून एक मुख्य आणि एक जोडीचा, असे दोन कोंबडे राखणे शहाणपणाचे. दोघे फारच झुंजले तर आळीपाळीने डालग्याखाली झाकावेत.

याहून चांगला उपाय म्हणजे अदलाबदल. एका घरचा जास्तीचा कोंबडा हा दुसऱ्या गावच्या घरी हवाहवासा नवा कोंबडा असतो. आठवड्याच्या हाटाला चार गावांची माणसे भेटतात, तेथे पैशांशिवाय हा व्यवहार होऊ शकतो. दोन पथ्ये मात्र पाळावीत. बाहेरून आणलेला पक्षी तीन आठवडे वेगळा ठेवावा. मानमोडी म्हणजे राणीखेत रोग अशाच पाहुण्याबरोबर येतो आणि खुराडेच्या खुराडे रिकामे करतो. त्याची लस वेळच्या वेळी टोचून घ्यावी. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे २००६ साली बर्ड फ्लूमुळे काय हानी झाली, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. दुसरे पथ्य असे, की जुना कोंबडा काढल्यावर त्याचे बीज कोंबडीच्या शरीरात दोन-तीन आठवडे टिकते. तेव्हा नव्या कोंबड्याची पिले हवी असतील तर तीन आठवड्यांनंतरचीच अंडी उबवणीस ठेवावीत.

राहिलेल्या कोंबड्यांचा मार्ग मग सरळ आहे. त्यांना कोंबड्यांपासून वेगळे ठेवावे. एकत्र वाढलेले नर, मादी समोर नसेल तर, बरेचसे गोडीने राहतात. कडकनाथ सावकाश वाढतो. पाच-सहा महिन्यांत तो विक्रीजोगा होतो, आणि त्यानंतर खाल्लेल्या दाण्याच्या मानाने त्याचे वजन फारसे चढत नाही. पुढे प्रत्येक महिना हा तोट्याचा महिना. यासाठी अंडी ठेवतानाच पंचांग पाहावे. होळीपूर्वीच्या आठवड्यात भगोरियाचे हाट भरतात. त्या बाजारासाठी कोंबडा हवा असेल तर पिले आश्विनाच्या सुमारास निघालेली हवीत. महाराष्ट्रात आषाढाच्या अखेरीस कोंबड्याला गिऱ्हाईक मिळते आणि श्रावण लागताच ते नाहीसे होते, हा अनुभव सर्वांचा आहे. एका गाठीने सारे विकण्यापेक्षा दोन-तीन बाजारांत विभागून विकणे बरे. आणि सारेच विकले पाहिजेत असेही नाही. जे कुटुंब अंडी आणि कोंबडे दोन्ही बाजारात घालते आणि घरच्या मुलांना कोरडी भाकर देते, त्याचा हिशेब वहीत जुळला तरी मुलांच्या अंगावर जुळत नाही. दोन कोंबडे घरच्या ताटासाठी ठेवले तर तो खर्च नव्हे.

काही वाटा मात्र सोडल्या पाहिजेत. पैजेवर कोंबडे झुंजविणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आणि ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानेही अशा झुंजींना मनाई केली आहे. कोंबडा खच्ची करण्याचा खटाटोप घरी करू नये. त्याचे वृषण पोटाच्या आत पाठीच्या कण्याजवळ असतात आणि पोट फाडल्याशिवाय ते निघत नाहीत. नको झालेला कोंबडा रानात सोडणे म्हणजे त्याला कोल्ह्या-कुत्र्यांच्या हवाली करणे. बाजारात नेताना पाय बांधून उलटे लटकविण्याची रीतही सोडावी; पाटीत किंवा डालग्यात नेलेला पक्षी शांत राहतो आणि भावही बरा मिळवतो.

मोठ्या कारखानदारीने या प्रश्नाचे उत्तर फार निष्ठुर रीतीने दिले. अंड्यांसाठी वाढविलेल्या जातींचे नर ना अंडी देतात, ना मांसासाठी परवडतात. म्हणून ते पहिल्याच दिवशी मारले जातात. जगात दरवर्षी अशी अब्जावधी पिले मारली जातात. जर्मनीने २०२२ च्या आरंभापासून या प्रथेवर बंदी घातली, आणि तेथे अंड्यातच नर-मादी ओळखण्याची यंत्रे वापरात आली. डहीच्या अंगणात असल्या यंत्राची गरज नाही. तेथे नराला वाढू दिले जाते, आणि त्याचे मांस, मान व मोल तिन्ही घराला मिळतात.

तथापि त्या मोलाविषयी भ्रम नसावा. कडकनाथाचे नाव गाजू लागताच अंडी-पिले परत घेण्याची हमी देणाऱ्या योजना निघाल्या, आणि २०१९ साली सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर येथून उघडकीस आलेल्या अशा एका प्रकरणात महाराष्ट्रातील अनेक शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. शेडमध्ये शेकडो पक्षी उभे, दाण्याचा खर्च चालू, आणि घेणारा बेपत्ता. जास्तीचा कोंबडा हा प्रश्न तेथे शेकडो पटींनी मोठा झाला. जितके पक्षी खपतील तितकेच वाढवावे, हा अंगणाचा नियम मोठ्या व्यवसायालाही सोडता येत नाही.

अंडी उबवणीस ठेवतानाच पुढील बाजार ठरवावा. तिसऱ्या महिन्यात नर ओळखावेत. सर्वांत चांगले दोन वंशासाठी राखावेत. एखादा परगावच्या घराशी बदलावा. उरलेले सहा महिन्यांच्या आत विकावेत किंवा घरी खावेत. पाच-सहा कोंबडे एकदम आरवू लागले म्हणून डोक्याला हात लावण्याचे कारण नाही. त्यांतला कोणता उद्याच्या पिलांचा बाप व्हावा, हे ज्या घरी आधी ठरते, त्या घरी बाकीच्यांचे काय करावे हा प्रश्न आपोआप सुटतो.