दोन वाजून दहा मिनिटं

पहाटे ३.५०

जाग येते ती याच सुमाराला. दाराची कडी नीट लागलीय ना, हे बघायला उठते. पहिले पंधरा दिवस रात्रीतून आठ-नऊ वेळा उठत होते, आता दोनदा. पलीकडच्या खोलीत नववीतला मुलगा झोपलाय, उशाशी क्रिकेटची बॅट. ती ठेवायला त्याला कुणी सांगितलं नाही. कोयता दाखवला एकटीला, भीती मात्र घरातल्या चौघांनाही वाटून मिळाली.

दुसऱ्या आठवड्यात अशाच एका पहाटे मी १४४१६ ला फोन लावला होता. टेली-मानस ही सरकारची मोफत सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. रात्री-बेरात्री कधीही फोन करा, मराठीतही बोलतात. पलीकडच्या बाईंनी ‘काय झालं’ असं विचारलंच नाही. म्हणाल्या, “ताई, पाय जमिनीला टेकलेत ना? आता खोलीत दिसतात त्या पाच वस्तू सांगा मला.” फ्रिज, कॅलेंडर, सुपली, पाण्याचा माठ. पाचवी वस्तू सांगेपर्यंत श्वास जागेवर आला होता. आजही तेच करते. पुन्हा झोप लागत नाही, पण छाती धडधडायची थांबते.

सकाळी ६.३०

कराडात राहून प्रीतिसंगमावर जायला घाबरावं, याची मला फार लाज वाटायची. कृष्णा आणि कोयना इथे अगदी समोरासमोर येऊन मिळतात. लहानपणापासून हेच आमचं अंगण. त्या दिवसानंतर महिनाभर मी घाटाकडे फिरकले नाही. मागून पावलं वाजली की मान आखडायची.

डॉक्टरांनी एका वहीत पायऱ्या लिहून दिल्यात. पहिली पायरी, नवऱ्याबरोबर घाटापर्यंत. दुसरी, नवरा वीस पावलं मागे. आज तो कोपऱ्यावर चहाच्या टपरीपाशी थांबला आणि मी एकटी यशवंतरावांच्या समाधीपर्यंत जाऊन आले. घाबरले, पण परत फिरले नाही. भीती ओसरेपर्यंत तिथेच थांबायचं, असं डॉक्टर सांगतात. अर्ध्यातून पळ काढला तर मन तेवढंच शिकतं की पळाल्यामुळे वाचलो.

सकाळी ९.४५

शिपाईमामा शटर वर ढकलतात. तो आवाज पोटात जातो. त्या दिवशी लुटायला आलेल्या दोघांनी आत शिरल्यावर हेच शटर अर्ध्यावर ओढून घेतलं होतं.

मामांच्या डाव्या हाताला अकरा टाके पडले. मामा येईल त्या गिऱ्हाइकाला बाही वर करून सगळी हकिगत सांगतात, आणि त्यांना त्यानं बरं वाटतं. मला नाही वाटत. घटनेच्या दुसऱ्याच दिवशी आम्हा सगळ्यांना गोल बसवून ‘मन मोकळं करा’ म्हणून एकेकाला बोलायला लावलं होतं. हेतू चांगलाच होता. मी रात्रभर उलट्या काढल्या. पुढे कळलं, की जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचाराच्या पुस्तिकेतही हेच सांगितलंय: माणूस बोलला तर ऐका, बोलायची बळजबरी करू नका. मामांचं औषध मला लागू पडलं नाही, एवढंच.

सकाळी १०.३०

कॅश काउंटर. ओला स्पंज, रबरबँड, नोटांचं मशीन. उसाचं बिल जमा व्हायचे दिवस, त्यामुळे गर्दी आहे. गर्दी असली की मी अगदी ठीक असते. शंभराच्या, पाचशेच्या, गड्डी बांधली, चिठ्ठी लावली. हाताला काम माहीत आहे. घरी बसले असते तर खचले असते, हे मी खात्रीनं सांगते.

सकाळी ११.२०

पोलीस ठाण्यातून फोन. दोघे सापडलेत, पुढच्या आठवड्यात ओळख परेड. ती नायब तहसीलदार घेतात, कारागृहात, पोलीस त्या वेळी समोर नसतात. आरोपीसारख्याच दिसणाऱ्या माणसांच्या रांगेत तो उभा असतो आणि आपण बोट दाखवायचं. हवालदार नीट बोलले. तपासाची प्रगती नव्वद दिवसांत फिर्यादीला कळवणं नव्या कायद्यानं बंधनकारक आहे, त्याआधीच त्यांनी कळवलं.

पेपरात आमची बातमी ‘दरोडा’ म्हणून आली होती. पण कायद्यात दरोड्याला किमान पाच माणसं लागतात. आमच्याकडे दोघे होते, म्हणून फिर्यादीत लिहिलंय ‘जबरी चोरी’. मला तो शब्द जास्त खरा वाटतो. पावणेचार लाख गेले, ते विम्यातून येतील. जबरदस्ती झाली ती जिवावर.

दुपारी १२.१५

‘हेल्मेट काढून आत यावे’ असा बोर्ड दारावर लावलाय. तरी एक जण हेल्मेटसकट आत आला. काळं हेल्मेट, काच खाली. माझा अंगठा स्पंजवर तसाच राहिला. गड्डी हातात, मोजत होते तो आकडा गेला. कानात नुसती शिट्टी. त्यानं घाईघाईनं हेल्मेट काढलं तर आतून विशीतलं पोरगं निघालं, घामेजलेलं, बापाची पावती घेऊन आलेलं. “मावशी, चुकलं माझं, बोर्ड बघितलाच नाही.” त्याचेच डोळे भरून आले. मी पाणी प्यायले, त्यालाही दिलं. मग गड्डी पहिल्यापासून मोजली.

दुपारी २.१०

त्या दिवशी मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार होता, माझा उपास. साबुदाण्याची खिचडी डब्यातून नुकतीच उघडली होती. दोन वाजून दहा मिनिटांनी कोयता काउंटरच्या सनमायक्यावर आपटला. तेव्हापासून भाजलेल्या दाण्याचा आणि जिऱ्याच्या फोडणीचा वास आला की मळमळतं. मेंदू कसा विचित्र हिशेब ठेवतो. त्या माणसाचा चेहरा मला धड आठवत नाही, खिचडी आठवते.

अलार्मचं बटण माझ्या पायाशी होतं. मी ते दाबलं नाही. ओरडलेही नाही. दात घट्ट मिटले, पाय जणू माझे नव्हतेच. नंतर सगळ्यांनी तेच विचारलं. साहेबांनी, संचालकांनी, पंचनाम्याच्या वेळी, भिशीतल्या बायकांनीही: “बटण का नाही दाबलंस गं?” झोप उडाली ती या प्रश्नानं, कोयत्यानं नव्हे.

डॉक्टरांनी समजावलं. जिवावर बेतलं की शरीर लढतं, पळतं किंवा थिजतं. आपल्याला विचारून नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यानं आपल्याच तीनशेहून जास्त सैनिकांना पळपुटे, भेकड ठरवून गोळ्या घातल्या. त्यांतले कित्येक तोफांच्या माऱ्यानं मनानं मोडून गेलेले होते. २००६ साली ३०६ जणांना मरणोत्तर माफी मिळाली. आघातानंतरच्या या दुखण्याला अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी आपल्या आजारांच्या यादीत जागा दिली ती १९८० साली. पहिल्या महिन्यात दचकणं, झोप उडणं बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं. महिना उलटूनही राहिलं, कामधंदा अडू लागला, तर उपचार घ्यायचे. माझे सात आठवडे झाले, म्हणून घेतेय.

आज पुन्हा गुरुवार, आणि संकष्टी. शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी डब्यावर हात ठेवून विचारलं, “उघडू का?” सात आठवडे ती बिचारी खिचडी बाहेर पायरीवर बसून खात होती. म्हटलं, उघड. वहीतली आजची पायरी तीच होती. वास आला, मळमळलं. मी खुर्ची सोडली नाही. तिनं झाकणात थोडी काढून दिली. दोन घास गेले. तिसरा नाही गेला.

सायंकाळी ५.३०

कॅश टॅली झाली. मधल्या तासांत सांगण्यासारखं काही नाही.

रात्री ८

पहिल्या आठवड्यात सासूबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी माझी दृष्ट काढली होती. त्यांनी काहीच विचारलं नव्हतं, नुसता पाठीवरून हात फिरवला. मला त्यानं फार धीर आला. आज मुलाशी बोलले. बॅट कशासाठी, असं विचारलं नाही. एवढंच म्हटलं, “मलाही रात्री भीती वाटते.” तो म्हणाला, “मला वाटलं तू आता घाबरत नाहीस, म्हणून मी सांगत नव्हतो.” पुढच्या वेळी डॉक्टरांकडे तोही येणार आहे.

रात्री ९.४५

चंद्र दिसला, उपास सोडला. वहीत लिहिलं: खिचडी, दोन घास.

तुमच्या गल्लीत, तुमच्या ऑफिसात कुणावर असा प्रसंग आला असेल तर त्यांच्याकडे जरूर जा. पोलीस ठाण्यात सोबत जा, डॉक्टरांकडे सोबत जा, चार दिवस डबा द्या. फक्त एक विचारू नका, की तू ओरडली का नाहीस.