गोरेपणाची किंमत मूत्रपिंडाने का मोजावी?

लग्नसराई जवळ आली की अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली अशा कोणत्याही स्टेशनाबाहेरील सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानांत गर्दी वाढते. गल्लोगल्लीच्या पार्लरमध्ये नंबर लावावे लागतात. नटण्यामुरडण्याची हौस असण्यात काहीच गैर नाही. परंतु या गर्दीत अशाही मुली असतात, ज्यांना हौसेने नव्हे तर धास्तीने तेथे यावे लागते. 'मुलगी शिकलेली आहे, नोकरी करते, स्वभावाने चांगली आहे, पण रंगाने जरा...' हे अर्धवट सोडलेले वाक्य त्यांनी घरात अनेकदा ऐकलेले असते. अशा मुलीच्या हातात कोणी 'आठ दिवसांत रंग उजळतो' म्हणून एखादी डबी ठेवली, तर त्या डबीत काय आहे हे विचारण्याच्या मनःस्थितीत ती नसते. आजच्या लेखात आपण नेमका हाच प्रश्न विचारणार आहोत.

अकोल्यात काय घडले?

२०२३ मध्ये अकोल्यातील एकाच घरातील तीन स्त्रियांची हकिकत वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली. घरातील महाविद्यालयीन मुलीने स्थानिक ब्युटिशियनकडून रंग उजळण्याचे क्रीम आणले. रंग खरोखरच उजळला. चारचौघांनी कौतुक केले. ते पाहून आई आणि बहीण यांनीही तेच क्रीम लावायला सुरुवात केली. काही महिन्यांनी तिघींच्याही मूत्रपिंडांना विकार झाल्याचे आढळले. परळच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टरांनी कारणाचा शोध घेतला आणि क्रीमची तपासणी करवली, तेव्हा त्यात पारा सापडला, तोही मर्यादेच्या कितीतरी पट अधिक.

ही एका घरापुरती गोष्ट नाही. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यातील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांपैकी १५ जणांत या विकाराचा एक विरळा प्रकार आढळला आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरे होण्याचे क्रीम वापरल्याचे सांगितले. नवी मुंबईतील डॉक्टरांनाही असे रुग्ण आढळले आहेत.

पारा काय करतो?

आपल्या त्वचेत मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य असते. ते तयार करणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या आणि सावळ्या माणसात जवळजवळ सारखीच असते. फरक असतो तो त्या पेशी किती आणि कोणत्या प्रकारचे मेलॅनिन तयार करतात यात, आणि ते आईवडिलांकडून आलेल्या जनुकांवर ठरते. मेलॅनिन हे निसर्गाने दिलेले छत्र आहे. सूर्याच्या अतिनील किरणांपासून ते त्वचेचे रक्षण करते. त्यामुळेच सावळ्या त्वचेच्या लोकांत त्वचेचा कर्करोग कमी आढळतो.

मेलॅनिन तयार होण्यासाठी लागणाऱ्या एका विकराचे काम पारा बंद पाडतो. त्यामुळे रंग लवकर उतरतो आणि क्रीम 'गुणकारी' वाटते. परंतु पारा कातडीवरच थांबत नाही. तो त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो. रक्त गाळणारी मूत्रपिंडातील सूक्ष्म चाळणी बिघडते आणि शरीराला हवी असलेली प्रथिने लघवीवाटे वाहून जाऊ लागतात. लघवीला खूप फेस येणे, सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती सूज दिसणे, संध्याकाळी पाय सुजणे ही त्याची लक्षणे होत. पाऱ्याचा परिणाम मज्जासंस्थेवरही होतो. हात थरथरणे, झोप न लागणे, चिडचिड होणे, विसराळूपणा वाढणे अशा तक्रारी सुरू होतात. गरोदरपणी पारा गर्भापर्यंत पोहोचतो. आईच्या चेहऱ्याला आणि हाताला लागलेले क्रीम कडेवरच्या मुलालाही बाधू शकते.

दिलासा एवढाच की वेळीच क्रीम बंद केले आणि उपचार घेतले, तर बहुतेक रुग्ण काही महिन्यांत सुधारतात. म्हणून वरीलपैकी लक्षणे असतील तर डॉक्टरांना आपण कोणते क्रीम लावतो हे न लाजता सांगावे. शक्य झाल्यास डबी सोबत न्यावी. लघवीतील प्रथिनांची तपासणी अगदी साधी व स्वस्त आहे.

दुसरा धोका : स्टिरॉइडचे मलम

पाऱ्याइतकाच सर्रास आढळणारा दुसरा प्रकार म्हणजे स्टिरॉइड असलेली मलमे. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल ही त्यांतील काही नावे. इसब, सोरायसिस यांसारख्या रोगांवर ही औषधे उपयुक्त आहेत, पण डॉक्टरांनी सांगितलेल्या जागी आणि तेवढ्याच दिवसांपुरती. केमिस्टकडून किंवा शेजारणीच्या सल्ल्याने आणून ती रोज चेहऱ्यावर चोळली, तर पहिले काही आठवडे चेहरा उजळ दिसतो. मग त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुमे उठतात, चेहऱ्यावर केस वाढतात. मलम बंद करावे तर आग होते आणि चेहरा लालबुंद होतो, म्हणून ती मुलगी पुन्हा तेच मलम लावते. हे एक प्रकारचे व्यसनच होऊन बसते.

देशातील बारा केंद्रांतील त्वचारोगतज्ज्ञांनी केलेली एक पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण स्टिरॉइडचे मलम लावत होते. त्यांतील निम्म्याहून अधिक लोकांना ते डॉक्टरांनी सांगितलेलेच नव्हते. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने या प्रश्नाचा पाठपुरावा केल्यावर मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टिरॉइडे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या औषधांत घातली. नियम झाला, तरी दुकानात चिठ्ठी मागितली जातेच असे नाही. तेथे आपणच सावध राहायला हवे.

ज्यांनी असे मलम कित्येक महिने लावले आहे त्यांनी घाबरून एकदम बंद करू नये. त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने ते टप्प्याटप्प्याने सोडवता येते. पाऱ्याचा संशय असलेले क्रीम मात्र त्याच दिवशी बंद करावे.

डबी कशी पारखावी?

१) उत्पादकाचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि घटकांची यादी नसलेले क्रीम, मग ते कोणीही दिलेले असो, वापरू नये. 'घरगुती', 'हर्बल', 'परदेशी' या शब्दांनी खात्री मिळत नाही.

२) घटकांत मर्क्युरी, मर्क्युरस क्लोराइड किंवा कॅलोमेल असे काही लिहिले असेल तर तो पाराच समजावा.

३) 'सोन्याचांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका' अशी सूचना असेल, किंवा क्रीम उजेडात ठेवल्यावर करडे-काळपट होत असेल, तर संशय घ्यावा.

४) आठ-पंधरा दिवसांत रंग बदलतो असा दावा हीच मुळात धोक्याची घंटा आहे.

५) असे क्रीम दुसऱ्या कोणाला देऊ नये, मोरीत धुऊन टाकू नये. पिशवीत घट्ट बंद करून ठेवावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

आपल्या देशातील २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये मुद्दाम पारा घालता येत नाही. नकळत आलेला अंशही दहा लाख भागांत एका भागापेक्षा अधिक चालत नाही. संशयास्पद मालाची तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते.

काळवंडणे हे कधी आजाराचे लक्षण असते

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. जन्मतः असलेला सावळा रंग हा आजार नाही, त्याला औषधाची गरज नाही. मात्र पूर्वी नसलेला काळेपणा नव्याने आला, तर त्याचे कारण शोधावे. मानेवर, काखेत जाडसर, मखमलीसारखी काळी त्वचा दिसू लागली, तर अनेक घरांत 'नीट आंघोळ करत नाहीस' म्हणून मुलीला रागावतात आणि मान घासघासून सोलून काढतात. तो मळ नसतो. शरीरात इन्शुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी वजन आणि रक्तातील साखर तपासावी. गालांवर येणारे वांग गरोदरपणी किंवा संततिनियमनाच्या गोळ्यांमुळे येऊ शकतात आणि उन्हाने वाढतात. त्यांवर उपचार आहेत, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

गरोदरपणी केशर घातलेले दूध प्यायल्याने मूल गोरे होत नाही. तान्ह्या बाळाला डाळीचे पीठ रगडल्यानेही रंग बदलत नाही, उलट नाजूक कातडी सोलवटते.

दुखणे त्वचेचे की समाजाचे?

इतके धोके असूनही डब्या खपतात, कारण मागणी घरातून येते. 'गोरी, उंच, सडपातळ वधू पाहिजे' ही जाहिरात आपणच देतो. मुलगा कसाही असो, सून मात्र उजळ हवी! सावळ्या विठ्ठलापुढे हात जोडायचे आणि सावळ्या मुलीला नकार कळवायचा, हा आपला व्यवहार आहे.

या वृत्तीवर धंदाही उभा राहिला. १९७५ मध्ये हिंदुस्थान लिव्हरने 'फेअर अँड लव्हली' बाजारात आणले. त्यात पारा होता असे नव्हे. प्रश्न होता तो जाहिरातींचा. गोरी झाली म्हणून नोकरी मिळाली, गोरी झाली म्हणून स्थळ आले, असे त्या सांगत राहिल्या. महिला संघटनांनी तक्रारी केल्यावर २००३ मध्ये अशा काही जाहिराती मागे घ्याव्या लागल्या. रंगावरून कोणाला कमी लेखू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे जाहिरात क्षेत्राच्या परिषदेने २०१४ मध्ये घातली. आज ज्या कंपनीचे मुख्य कार्यालय आपल्या अंधेरीत चकाल्याला आहे, तिनेच जुलै २०२० मध्ये या क्रीमचे नाव 'ग्लो अँड लव्हली' केले. त्याच वर्षी एका मोठ्या विवाह संकेतस्थळाने वर्णानुसार स्थळे निवडण्याची सोय काढून टाकली. नावे बदलली, सोयी निघाल्या. पाहण्याच्या कार्यक्रमातील नजर बदलायची राहिली.

त्या नजरेचा परिणाम किती दूर जातो पाहा. जानेवारी १९९८ मध्ये सातारा जिल्ह्यातील एका तरुण विवाहितेने विहिरीत उडी घेऊन जीव दिला. पती तिला काळ्या रंगावरून टोमणे मारत असे, अशी तक्रार होती. खालच्या न्यायालयाने पतीला शिक्षा दिली. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याची मुक्तता केली. रंगावरून टोमणे हे घरगुती वाद आहेत, फौजदारी कायद्याला अभिप्रेत असलेल्या गंभीर छळाच्या पातळीला ते पोहोचत नाहीत, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. कायद्याचा अर्थ न्यायालय लावील. पण जे टोमणे कायद्याच्या कक्षेत बसत नाहीत, तेही मन पोखरतात, हे डॉक्टर आणि घरचे लोक यांनी तरी विसरू नये. कायदा जेथे पोहोचत नाही, तेथे घराचीच जबाबदारी वाढते.

मुलगी आरशासमोर जाणे टाळू लागली, फोटोत उभी राहीना, लग्नकार्याला येईना, जेवण टाकू लागली, तर 'वयात आल्यावर असे होतेच' म्हणून सोडून देऊ नये. तिच्याशी बोलावे. गरज वाटल्यास मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्यावी. सरकारच्या 'टेली मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते.

आयांनो, मावश्यांनो, आत्यांनो, सुरुवात आपल्यापासून करू या. नवजात बाळ पाहायला गेल्यावर पहिला प्रश्न रंगाचा नको. पाहुण्यांसमोर दोन बहिणींची तुलना नको. स्थळाच्या माहितीपत्रात वर्णाचा रकाना कोरा ठेवावा. त्वचेसाठी एवढे पुरे : सौम्य साबण, कोरडी पडल्यास खोबरेल तेल किंवा साधे मॉइश्चरायझर, उन्हात छत्री किंवा सनस्क्रीन, पोटभर भाजीपाला आणि पुरेशी झोप. आणि घरात कोणी बिनलेबलाची डबी वापरत असेल, तर ती आजच बंद करवून एकदा लघवी तपासून घ्यावी.