तंजावरची बंदरे आणि हंबनटोटा

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या प्राकारात भोसले घराण्याचा सारा इतिहास मराठीत कोरलेला आहे. सरफोजीराजांनी 1803 मध्ये तो कोरवून घेतला. महाराष्ट्रातून आलेला प्रवासी तेथे अभिमानाने छायाचित्र काढतो आणि पुढे निघतो. निवृत्तीनंतर मी तिसऱ्यांदा त्या लेखासमोर उभा राहिलो, तेव्हा मला वेगळीच गोष्ट बोचत होती. हा लेख कोरला गेला तेव्हा राजाकडे राज्य उरलेलेच नव्हते. 1799 च्या तहाने कारभार कंपनी सरकारकडे गेला होता. राजाच्या वाट्याला किल्ला, आसपासचा मुलूख, ठरावीक नेमणूक आणि महसुलाचा पाचवा हिस्सा आला होता. या घसरणीच्या पहिल्या खुणा राजधानीत नव्हे, समुद्रकिनाऱ्यावर दिसल्या होत्या.

चीनच्या परदेशी बंदरांविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते त्यात ‘कर्जाचा सापळा’ हा शब्द हमखास येतो. सावकार कर्ज देतो, ऋणको बुडतो, बंदर जप्त होते. कथा सोपी आहे. तंजावरच्या किनाऱ्याचा इतिहास मात्र ती इतक्या सोपेपणाने सांगू देत नाही.

तरंगंबाडी डेन्मार्कला मिळाले ते 1620 मध्ये, रघुनाथ नायकाच्या तहाने. नागपट्टणम डचांनी 1658 मध्ये पोर्तुगिजांकडून घेतले; एकोजीराजांनी 1676 मध्ये चांदीच्या पत्र्यावर कोरलेल्या सनदेने डचांचे तेथील हक्क कायम केले. तोवर हा व्यवहार शहाणपणाचाच होता. परकी व्यापारी आपसात स्पर्धा करीत होते आणि राजाला त्याचा लाभ होत होता. बिघाड झाला तो अठराव्या शतकात, गादीच्या भांडणात. 1738 मध्ये गादीसाठी झगडणाऱ्या राजाने फ्रेंचांची मदत मागितली आणि बदल्यात कारैकल देऊ केले. गादी मिळाल्यावर त्याचे मन फिरले. पण 1739 च्या फेब्रुवारीत फ्रेंचांनी चंदासाहेबाच्या साह्याने कारैकल घेतलेच. दहा वर्षांनी एका पदच्युत राजाने इंग्रजांना हाक दिली. त्याला गादीवर बसविण्यासाठी आलेल्या इंग्रजांनी कोल्लिडमच्या मुखावरील देवीकोट्टै जिंकले, मग गादीवर असलेल्या प्रतापसिंहाशीच तह करून ते स्वतःकडे ठेवले. ज्याच्यासाठी लढाई झाली त्याच्या हाती पेन्शन आली.

पुढे तुळजाराजांनी 1773 मध्ये अर्काटच्या नवाबाचा वेढा पडण्याच्या भीतीने पैशासाठी नागूर डचांना विकले. ते डचांनाही पचले नाही. 1778 पर्यंत ते इंग्रजांच्या हाती गेले. दरम्यान कंपनीच्या फौजेच्या जोरावर नवाबाने तंजावर घेतले आणि राजा कैदेत पडला. 1776 मध्ये राज्य परत मिळाले, तोच पॉल बेनफिल्ड नावाच्या कंपनीच्या एका नोकराने दावा मांडला, की नवाबाने तंजावरचे पीक आणि महसूल आपल्याला कर्जापोटी लावून दिले आहेत! या वादात मद्रासच्या गव्हर्नर पिगटला त्याच्याच कौन्सिलने अटक केली आणि पुढच्या वर्षी तो कैदेत मेला. एडमंड बर्कने 1785 मध्ये ब्रिटिश संसदेत या कर्जांवर जे भाषण केले, ते ‘कर्जाचा सापळा’ म्हणणाऱ्या प्रत्येकाने वाचावे. तेथे मात्र सावकार खासगी होते, आणि बंदरे आधीच गेलेली होती.

आता हंबनटोटा पाहू. 2017 मध्ये श्रीलंकेने हे बंदर 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले आणि चायना मर्चंट्स पोर्टकडून 1.12 अब्ज डॉलर घेतले. हा पैसा चिनी कर्ज फेडण्यासाठी गेला नाही. परकीय चलनाचा साठा सावरण्यासाठी तो हवा होता. बंदरासाठी चीनच्या एक्झिम बँकेकडून घेतलेली कर्जे श्रीलंकेच्या खात्यावर तशीच राहिली. त्या देशाच्या परकीय कर्जात सर्वांत मोठा वाटा आंतरराष्ट्रीय बाजारात विकलेल्या रोख्यांचा होता. म्हणजे बंदर जप्त झाले नाही. निकडीत असलेल्या सरकारने ते विकत्या किमतीला काढले. तुळजाराजांची निकड याहून वेगळी नव्हती.

म्हणून चीनचे हेतू निर्मळ ठरतात असे नाही. ग्वादरचा चाळीस वर्षांचा करार, पिरेअसमधील कॉस्कोचा 67 टक्के हिस्सा, जिबूतीचा 2017 चा लष्करी तळ, ही मालिका निव्वळ व्यापाराची नाही. सप्टेंबर 2014 मध्ये चिनी पाणबुडी कोलंबोला आली ती सरकारी धक्क्याला नव्हे, तर चायना मर्चंट्सचा 85 टक्के हिस्सा असलेल्या टर्मिनलला लागली. ऑगस्ट 2022 मध्ये ‘युआन वांग 5’ हे टेहळणी जहाज हंबनटोटाला आले. श्रीलंकेने आधी ते पुढे ढकलण्यास सांगितले, मग परवानगी दिली. तेव्हा देश दिवाळखोरीत होता. करारात परकी लष्करी वापरावर श्रीलंकेचा नकाराधिकार आहे. पण रिकाम्या तिजोरीच्या हाती नकाराधिकार किती टिकतो?

सेवेत असताना एका बंदराच्या सवलत-कराराची नस्ती माझ्या मेजावरून गेली होती. भाडे आणि मुदत यांवर आम्ही महिनोन्‌महिने काथ्याकूट केला. कोणत्या धक्क्याला कोणाचे जहाज कोणाच्या परवानगीने लागेल, हे एका परिशिष्टात होते. ते परिशिष्ट मी तेव्हा नुसते चाळले होते, हे आज कबूल करतो.

जानेवारी 2020 मध्ये तंजावरच्या हवाई तळावर ब्राह्मोसधारी सुखोई-30 विमानांची तुकडी दाखल झाली, ते योग्यच झाले. परंतु हंबनटोटा उभारण्याचा प्रस्ताव आधी भारताकडेच आला होता, असे महिंदा राजपक्षे यांनी जाहीरपणे सांगितले आहे. विमाने त्या नकाराची भरपाई करू शकत नाहीत. 2022 मध्ये श्रीलंका कोसळत असताना भारताने सुमारे चार अब्ज डॉलरचे साह्य दिले. माझ्या मते ते कोणत्याही तुकडीपेक्षा अधिक दूरवर पोचले.

नागपट्टणमहून जाफन्याजवळच्या कांकेसंतुरैला जाणारे प्रवासी जहाज ऑक्टोबर 2023 मध्ये सुरू झाले, पावसाळ्याने काही दिवसांतच थांबले आणि ऑगस्ट 2024 मध्ये पुन्हा निघाले. कांकेसंतुरै बंदरासाठी भारताने 6.15 कोटी डॉलर देऊ केले आहेत, आणि ते कर्ज नसून अनुदान आहे.