इग्नात्सिओ पोरो आणि त्यांचे लोलक

शाळेंत असतां एका सहलीस मीं जोडदुर्बीण नेली होती. एका मुलानें विचारलें, “सर, हिच्या नळ्या मध्येंच अशा मोडल्यासारख्या कां?” मला उत्तर देतां आलें नाहीं; ‘उद्यां वर्गांत सांगतों’ असें म्हणून मीं वेळ मारून नेली. तें उत्तर एका इटालियन यंत्रकाराच्या चरित्रांत आहे.

इग्नात्सिओ पोरो १८०१ सालीं पीडमाँट प्रांतांतील पिनेरोलो येथें जन्मले. ते सैन्यांत अधिकारी होते. दुर्बिणींतील बारीक तारांमधून दूरची पट्टी वाचतांच अंतर कळावें, साखळी ओढण्याचें कारण उरूं नये, अशी भूमापनाची रीत त्यांनीं सिद्ध केली. १८४२ त नोकरी सोडून ते भिंगांच्या उद्योगांत शिरले आणि १८४७ त पॅरिसला गेले.

साध्या दुर्बिणींत प्रतिमा उलटी दिसते. ताऱ्यास डोकें-पाय नसल्यामुळें ज्योतिष्याचें त्यावांचून अडत नाहीं. खलाशानें मात्र काय करावें? अधिक भिंगें घातलीं तर नळी लांबते. पोरो यांनीं १८५४ त दोन काटकोनी लोलक एकमेकांस आडवे ठेवले. एकानें वरचें खालीं होतें, दुसऱ्यानें डावें उजवें. प्रतिमा सुलट होते, आणि किरण घडी घातल्याप्रमाणें वळत गेल्यामुळें नळीहि आंखूड होते. त्या मोडल्यासारख्या आकाराचें मूळ हें.

मला मात्र त्यांची छायाचित्राविषयींची कल्पना अधिक मोलाची वाटते. कॅमेऱ्याचें भिंग सरळ रेषा थोडी वांकवतें. म्हणून छायाचित्रावरून माप घेतलें तर चूक येते. १८६५ च्या सुमारास पोरो यांनीं सुचविलें कीं, चित्रित कांच त्याच कॅमेऱ्यांत पुन्हां बसवावी व बाहेरून त्याच भिंगांतून पाहून कोन मोजावे. किरण ज्या वाटेनें आला त्याच वाटेनें परततो, आणि येतांना झालेला दोष जातांना फिटतो. लीलावती पढलेल्यास येथें व्यस्तविधि आठवेल: गुणिलें असेल तेथें भागावें, मिळविलें असेल तेथें वजा करावें. पुढें जर्मनींत कोप्पे यांनीं हेंच तत्त्व वापरलें, म्हणून तें दोघांच्या नांवानें ओळखलें जातें.

त्याच वर्षीं मिलान येथें त्यांनीं ‘फिलोतेक्निका’ हा कारखाना काढला. तेथें यंत्रें घडत आणि शिकाऊ तरुणहि घडत. मास्तरकी केलेल्या मला हें विशेष भावतें. पुढें तो त्यांचे शिष्य आंजेलो साल्मोइरागी यांच्या हातीं येऊन भूमापनयंत्रांसाठीं नांवाजला. लोलकाची दुर्बीण मात्र पोरो यांच्या हयातींत फारशी चालली नाहीं. तशी निर्दोष कांच त्या काळीं मिळत नसे.

ती कांच पुढें येना येथें तयार होऊं लागली. तेथील एर्न्स्ट आबे यांना हीच लोलकरचना स्वतंत्रपणें सुचली होती. १८९३ त ते तिचें पेटंट मागावयास गेले, तेव्हां पोरो यांची कृति आधींच नोंदलेली निघाली. आबे यांना पेटंट मिळालें तें पुढचीं भिंगें दूर दूर ठेवण्याच्या योजनेचें. १८९४ त त्साइस यांची जोडदुर्बीण बाजारांत आली. पोरो वारल्यास तेव्हां एकोणीस वर्षें होत आलीं होतीं. लोलकांस नांव मात्र आजहि पोरो यांचेंच आहे.