बाटलीवर गावाचे नाव

फेअरप्राइसमध्ये वाईनच्या फळीसमोर दोन मिनिटे थांबून फ्रेंच बाटल्या वाचून पाहा. शाब्ली, पोमार, सँत-एमिलिओं. ही नावे कंपन्यांची नाहीत आणि द्राक्षांच्या जातींचीही नाहीत. ती गावांची नावे आहेत, काही शे ते दोन-अडीच हजार वस्तीच्या लहान गावांची. म्हणूनच फ्रान्समध्ये 'वाईन चाखायला जाणे' म्हणजे गावे हिंडणे. बर्गंडीतल्या बोन शहरातून दक्षिणेकडे निघाले की पोमार, व्होलने, मर्सो अशी गावे सात-आठ किलोमीटरच्या आत एकापाठोपाठ लागतात. दर गावी मळे, एक चर्च, एक बेकरी, आणि आपल्याच मळ्यातली वाईन तळघरातून काढून देणारे शेतकरी. दिवस कसा जातो ते कळत नाही.

ही गावे नावाच्या बाबतीत फार जागरूक. जव्रे नावाच्या गावाने १८४७ मध्ये आपल्या सर्वात प्रसिद्ध मळ्याचे नाव स्वतःच्या नावाला जोडून घेतले आणि ते जव्रे-शँबेर्तँ झाले. आपल्याकडे एखाद्या गावाने हापूसच्या बागेवरून स्वतःचे नाव बदलावे तसे! मात्र त्यामागे नुसती हौस नव्हती. भेसळीच्या वाईनमुळे भाव कोसळले तेव्हा, १९०७ मध्ये, दक्षिण फ्रान्समधले लाखो द्राक्षशेतकरी रस्त्यावर आले, नार्बोन शहरात गोळीबार झाला, माणसे मेली. पुढे १९३५ साली कायदा होऊन कोणत्या गावाचे नाव कोणत्या बाटलीवर लावता येईल, कोणती द्राक्षे, एकरी किती उत्पन्न, हे सारे ठरले. गावाचे नाव ही शेतकऱ्याची मालमत्ता ठरली.

हे सगळे सांगायचे कारण असे की आपल्यापैकी पुष्कळ मंडळी युरोपच्या सहलीत फ्रान्सचा असा एक दिवस घालतात, पण दरवर्षी सुट्टीत मुंबई-पुण्याला जाऊनही नाशिकचा दिवस मात्र राहून जातो. किंवा गेलोच तर गंगापूर धरणाजवळच्या एखाद्या वायनरीच्या गच्चीवर सूर्यास्त पाहून, फोटो काढून परततो. ती गच्ची छानच आहे. पण त्या बाटलीतली द्राक्षे कुठून आली, हा प्रश्न तिथे बसून सुटत नाही.

महाराष्ट्रातली वाईन तशी नाशिकच्या आधी पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला नावारूपाला आली. शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने तिथे फसफसणारी वाईन बनवली आणि ती 'ओमर खय्याम' या नावाने परदेशातही विकली. स्टॅनफर्डला शिकून, कॅलिफोर्नियातली नोकरी सोडून आलेल्या राजीव सामंत यांनी १९९७ मध्ये नाशिकला सुलाचे मळे लावले. पहिली वाईन २००० साली बाजारात आली. २००१ मध्ये राज्य सरकारने वाईनसाठी सवलतीचे धोरण आणले, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क काढले, आणि मग वायनरींचे पीकच आले.

आता द्राक्षवेलीकडे वळू, कारण खरी मौज तिथे आहे. फ्रान्समध्ये वेल हिवाळ्यात झोपते. पाने गळतात, वसंतात डोळे फुटतात, सप्टेंबरच्या सुमारास तोडणी होते. सारे वेळापत्रक थंडी ठरवते. नाशिकला तशी थंडी नाही, त्यामुळे वेल झोपतच नाही. तिला शिस्त लावावी लागते ती कात्रीने. एप्रिलच्या सुमारास 'खरड छाटणी' करतात. तिने नवी काडी वाढते आणि पुढच्या घडांची तयारी त्या काडीवरच्या डोळ्यांच्या आत गुपचूप होते. मग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुसरी, 'गोडी छाटणी'. तिच्यानंतर डोळे एकदम फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात, म्हणजे जी हाक फ्रान्समध्ये थंडी संपल्यावर मिळते ती इथे औषधाने द्यायची. वर्षात दोन छाटण्या आणि एक पीक. अख्खा ऋतू कृत्रिमपणे घडवण्याची ही करामत कुठल्याही कंट्रोल इंजिनिअरने टोपी काढावी अशी आहे. तोडणी जानेवारी ते मार्च. अवकाळी पाऊस किंवा गारपीट नेमकी त्याच वेळी आली की मणी तडकतात आणि वर्षाची मेहनत चार तासांत जाते.

खायची द्राक्षे आणि वाईनची द्राक्षे यांत मोठा फरक आहे. थॉमसन, सोनाका ही खायची द्राक्षे. त्यांचा मणी मोठा व्हावा म्हणून विरळणी करतात, जिब्रेलिक ॲसिड देतात. वाईनच्या शिराझचा किंवा शेनँ ब्लाँचा मणी बारीक, सालीचा, बियांचा. रंग आणि चव सालीत असते, म्हणून मोठा मणी नकोच. शंभर ग्रॅम रसात बावीस-तेवीस ग्रॅम साखर झाली की तोडायचे. तिची आंबून साधारण तेरा टक्के मद्यार्काची वाईन होते.

आणि इथेच शेतकऱ्याची गोम आहे. खायची द्राक्षे एका व्यापाऱ्याने नाकारली तर दुसरा घेतो, नाहीच तर बेदाणा होतो. वाईनची द्राक्षे बाजारात कोणी घेत नाही. गिऱ्हाईक एकच, वायनरी. सुलासारख्या मोठ्या वायनरींची बहुतेक द्राक्षे शेतकऱ्यांकडून दीर्घ मुदतीच्या करारावर येतात, आणि वायनरी भक्कम असेल तर ही सोय चांगलीच आहे: भाव आधी ठरलेला, बाजारात धावाधाव नाही. पण २००८ साली जागतिक मंदी आली, त्याच नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेले रिकामी पडली. धोरणाच्या भरवशावर निघालेल्या कित्येक वायनरींकडे माल पडून राहिला आणि त्यांनी खरेदी थांबवली. नारायणगावचा मोठा उद्योगही त्यानंतर अडचणीत येऊन बंद पडला. अनेक शेतकऱ्यांनी वाईनच्या बागा मुळासकट उपटल्या. पोमारच्या शेतकऱ्याकडे अशा वेळी निदान गावाचे नाव असते, त्यावर तो स्वतः बाटली भरून विकू शकतो. दिंडोरीच्या शेतकऱ्याकडे तसे काही नव्हते. 'नाशिक व्हॅली वाईन'ला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, पण ते अख्ख्या खोऱ्याचे. गावाचे नाव लेबलवर क्वचितच. सुलाची 'दिंडोरी रिझर्व्ह शिराझ' हा मला माहीत असलेला ठळक अपवाद. कराराच्या जोडीने आणखी गावांची नावे बाटल्यांवर यावीत, असे मला वाटते. सोळा रुपयांच्या छपाईचा प्रश्न नाही, भाव मागण्याच्या ताकदीचा आहे.

तेव्हा दिवस असा काढावा. सकाळी नाशिकला मिसळ खाऊन दिंडोरीच्या रस्त्याला लागावे. अंतर सुमारे पंचवीस किलोमीटर. घाई नको. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मांडवावरच्या बागा दिसतात त्या बहुधा खायच्या द्राक्षांच्या. तारांवर उभ्या, कुंपणासारख्या सरळ रांगा दिसल्या तर त्या वाईनच्या असण्याचा संभव जास्त. बागेत कोणी काम करीत असेल तर रामराम घालून "दादा, बाग बघू का?" असे विचारावे. विचारल्याशिवाय शिरू नये, फवारणी चालू असते. मुलांना बरोबर न्यावे. आपल्या इथल्या शाळांची मोठी सुट्टी नोव्हेंबर-डिसेंबरात, आणि डिसेंबरात लवकर छाटलेल्या बागांत मण्यांत 'पाणी उतरू' लागते, म्हणजे कडक हिरवा मणी मऊ होतो, काळ्या जातींत रंग धरतो. एकाच घडात हिरवे, गुलाबी, जांभळे मणी पाहायला मिळतात. तोडणी पाहायची असेल तर मात्र जानेवारी अखेर ते फेब्रुवारी हा काळ गाठायला हवा. दुपारी दिंडोरीकडची एखादी वायनरी, संध्याकाळी गंगापूरच्या बाजूची. दोनपेक्षा जास्त नकोत, जीभ थकते. गाडीला ड्रायव्हर घ्यावाच. घरातली वडीलधारी मंडळी 'दारूच्या कारखान्यात' यायला कुरकुरली, तर मळा आणि टाक्या पाहायला न्यावे; आपल्या कपाटात वर्षानुवर्षे असलेले द्राक्षासवही आंबवूनच होते, ही आठवण हळूच करून द्यावी.

येताना बाटल्या आणायच्या असतील तर हिशेब सोपा आहे. सिंगापूरमध्ये शुद्ध मद्यार्काच्या दर लिटरला ८८ डॉलर कर लागतो, म्हणजे तेरा टक्क्यांच्या पाऊण लिटरच्या बाटलीवर सुमारे साडेआठ डॉलर आणि वर जीएसटी. पण ४८ तासांहून अधिक काळ बाहेर राहून भारतातून परतणाऱ्या प्रौढ प्रवाशाला, दुसरे मद्य नसेल तर, दोन लिटर वाईन करमुक्त आणता येते. नवरा-बायकोच्या मिळून चार बाटल्या झाल्या. कपड्यांत नीट गुंडाळून चेक-इनच्या बॅगेत ठेवाव्यात.