पेटी वेगळी, बाटली वेगळी

किराणा दुकानदार साबणाची वडी चहाच्या पुड्याला खेटून ठेवत नाही. चहाला वास लागतो, हे त्याला ठाऊक असतं. ऑनलाइन दुकानाची कार्ट मात्र साबण-चहा एकाच माळेत ओवते.

रत्नागिरीचा आंबा विकणारं एखादं छोटं संकेतस्थळ घ्या. गिऱ्हाइकाने हापूसची पेटी, कोकम आगळाची बाटली आणि आंबापोळी घेतली. कार्टमध्ये तिन्ही ओळी अगदी सारख्या. पण आंबा वाटेतही पिकत राहणार, त्याचं पार्सल निराळं जाणार. आगळ आठवडाभर उशिरा पोचलं तरी बिघडत नाही. हा फरक पैसे भरण्याआधीच डोळ्यांत भरायला हवा. पेटी उशिरा मिळाल्यावर फोनवर समजावण्यात अर्थ नसतो.

आणि उपाय तसा छोटा आहे. वर्डप्रेसवरची अनेक दुकानं २०११ साली आलेल्या वूकॉमर्सवर चालतात. त्याच्या जुन्या पद्धतीच्या कार्टमध्ये प्रत्येक वस्तूच्या ओळीला एक ‘क्लास’, म्हणजे एक खूणचिठ्ठी असते. ओळ तयार होताना वस्तू कोणत्या वर्गातली आहे हे तपासायचं आणि त्या वर्गाचं नाव चिठ्ठीवर चढवायचं. पुढचं काम सीएसएसचं: या चिठ्ठीच्या ओळीला डावीकडे केशरी पट्टी, त्या चिठ्ठीच्या ओळीला हिरवी.

मराठी दुकानदार अडखळतो तो इथे. वर्गाचं नाव ‘आंबा’ ठेवलं की वर्डप्रेस त्याचं पत्त्यातलं रूप, म्हणजे ‘स्लग’, टक्क्यांच्या चिन्हांनी भरलेलं बनवतं. क्लासचं नाव साफ करणारं वर्डप्रेसचं फंक्शन ही चिन्हं आणि त्यांना जोडलेली अक्षरं काढून टाकतं. हाती उरते कोरी चिठ्ठी, आणि रंग का येत नाही म्हणून माणूस तासभर डोकं खाजवतो. नाव खुशाल मराठीत ठेवावं; फक्त ‘स्लग’ रोमन अक्षरांत लिहावा.

दुसरी अडचण पेटीच्या आकाराची. चार डझनांची आणि दोन डझनांची पेटी हे एकाच वस्तूचे दोन प्रकार. वर्ग चिकटलेला असतो मूळ वस्तूला, प्रकाराला नाही. म्हणून तपासताना मूळ वस्तूचाच क्रमांक द्यावा लागतो.

रंगावर सगळी भिस्त मात्र ठेवू नये. पूर्वी पाकिटांवर शाकाहाराचा हिरवा ठिपका आणि मांसाहाराचा तपकिरी ठिपका असे. काहींना हे दोन रंग वेगळे ओळखताच येत नाहीत. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी मांसाहाराच्या खुणेचा त्रिकोण केला. कार्टमध्येही केशरी पट्टीशेजारी ‘नाशवंत, वेगळं पार्सल’ एवढे शब्द हवेतच.

२०२३ च्या अखेरीपासून वूकॉमर्सच्या नव्या दुकानांत ब्लॉकची कार्ट आपोआप येते. तिथे ही जुनी युक्ती चालत नाही. तेच काम जावास्क्रिप्टमधून करावं लागतं. म्हणून कोड उतरवून घेण्याआधी आपली कार्ट कोणत्या घडणीची आहे, ते बघून घ्यावं.